धुळीआडचे जन्म

तिची बेरीज काही केल्या जुळत नव्हती. ती खगोलशास्त्रज्ञ. जवळच्या-लांबच्या आकाशगंगांचा प्रकाश मोजायचा आणि कुठल्या काळात तारे किती झपाट्यानं जन्मले ते ठरवायचं, हे तिचं काम. आकाशगंगा जितकी लांब, तितका तिचा प्रकाश जुना. म्हणजे लांब बघणं हे मागे बघणंच. पण सगळ्या काळातले जन्म एकत्र मोजले, तरी आज दिसणाऱ्या ताऱ्यांपुढे ते फारच कमी पडत.

"म्हणजे गावात माणसं ढीगभर आणि जन्मदाखले निम्मेच?" तिला लहानाचं मोठं करणाऱ्या मावशीनं भाजी चिरता चिरता विचारलं.

"अगदी तसंच. नवे तारे धुळीत लपलेत. ती तापलेली धूळ दिसायला वेगळी दुर्बीण लागते, आणि ती मोजमापं खडूसकडे आहेत."

खडूस म्हणजे तिच्याच संस्थेतल्या वरच्या मजल्यावरच्या गटाचे प्रमुख. दोन्ही गट याच प्रश्नामागे हात धुऊन लागलेले; त्यामुळे जिन्यात भेटले तरी एकमेकांशी हवापाण्यापलीकडे बोलत नसत.

"माग की मग. अडला हरी..."

"मावशी, ते गाढव नाहीत गं!"

"मग तर भीती कसली? फार तर नाही म्हणतील."

दुसऱ्या दिवशी ती वर गेली. त्यांच्या खोलीत खुर्च्यांवरही कागदांचे गठ्ठे होते. तिनं उभ्यानंच सांगून टाकलं, "सर, माझं अडलंय. तुमची मोजमापं मिळाली तर बरं होईल."

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. नकार आलाच, असं तिला वाटलं.

"तुमच्याकडे त्या आकाशगंगांची अंतरं आहेत ना?" ते म्हणाले. "माझ्याकडे धूळ आहे, पण कुठली किती जुनी ते कळत नाही. दोन वर्षं तुमच्या दारापर्यंत येऊन परत फिरतोय. तोंडच उघडेना."

तिला हसू आवरेना. मग तेही हसले आणि एका खुर्चीवरचा गठ्ठा त्यांनी जमिनीवर ठेवला.

पावसाळाभर दोघं शेजारी बसून झगडले. ते तिच्या चुका तोंडावर काढत, नि स्वतःच्या आधी कबूल करत. शेवटी चित्र स्पष्ट झालं. सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी ताऱ्यांच्या जन्मांना उधाण आलं होतं, नंतर ते ओसरत गेलं. धुळीआडचे जन्म धरल्यावर बेरीज जवळपास जुळली. तिनं संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"सर, तुमचे उपकार..."

"उपकार कसले! दार तुम्ही वाजवलंत."

त्या रविवारी ती त्यांना जेवायला घेऊन आली. मावशीनं आग्रह करकरून वाढलं. खडूसनं कशाचंही कौतुक केलं नाही, पण भाजी तीनदा मागून घेतली. ते गेल्यावर तिनं मावशीला मागून घट्ट मिठी मारली.

"अगं, हात खरकटे आहेत माझे," मावशी म्हणाली.

"असू देत," म्हणून ती तशीच उभी राहिली.