बाळाचा अनुभव

धाकटीनं बाळाच्या स्वेटरला सोनेरी बिल्ला टोचला आणि दोन पावलं मागे सरून, भिंतीवरची तसबीर सरळ लागली आहे का बघावं तशी मान तिरकी केली.

"काढ तो," थोरली म्हणाली. "पिन आहे त्याला."

"अगं, थोडा वेळ. सरांनी मुद्दाम दिलाय. पाहुण्यांना कधी देत नाहीत ते."

"मग परत दे त्यांना. म्हणावं, पाहुण्याला अजून सगळं तोंडात घालायची सवय आहे."

थोरलीनं बिल्ला काढून बहिणीच्या हातावर ठेवला आणि लोकरीला पडलेलं भोक नखानं सारखं केलं. बाळ दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होतं. कोण जिंकतंय ते त्याला नीट कळत नव्हतं, पण मजा येत होती.

हॉल एका हॉटेलच्या तळमजल्यावर होता. खुर्च्यांना पांढरे कपडे चढवून मागे गाठी मारलेल्या. पडदे असे ओढलेले, की बाहेर सकाळ आहे याचा विसर पडावा. मागच्या कोपऱ्यात चहाचे कप मांडून त्यावर पांढरा कपडा झाकला होता. "चहा कार्यक्रमानंतर हं," असं दारावरची मुलगी प्रत्येकाला गोड हसून सांगत होती. कार्यक्रमानंतर म्हणजे सही झाल्यावर, हे थोरलीला वेगळं सांगावं लागलं नाही. चहाच्या शेजारीच फॉर्मचं टेबल होतं.

ती आली होती ती केवळ धाकटीसाठी. दातांच्या दवाखान्यातली बसून करायची नोकरी धाकटीनं सोडून दिली होती. तिच्या पलंगाखाली, कपाटावर, मोरीच्या फळीवरसुद्धा सोनेरी डबे रचलेले होते. त्यात ताकदीची पावडर होती, पण पावडर म्हणायचं नाही, प्रॉडक्ट म्हणायचं. आज तिच्या खाली तिसरं माणूस लागलं की ती सिल्व्हरच्या पायरीवर चढणार होती. नाही लागलं, तर आधीची दोन्ही माणसं आणि इतक्या महिन्यांची वणवण पाण्यात.

"खाली म्हणजे?" थोरलीनं विचारलं होतं.

"माझ्या खाली. मी सरांच्या खाली. सर त्यांच्या सरांच्या खाली."

"म्हणजे सगळे एकमेकांच्या डोक्यावर बसलेत. आणि अगदी तळाशी जो आहे त्याचं काय होतं गं?"

"बघ, हाच तुझा निगेटिव्हपणा."

नवा दात आलेलं बाळ दिसेल ते चावून बघतं, तसा धाकटी हा शब्द दिसेल तिथे वापरत होती.

"सही करू नकोस," ती पुढे म्हणाली होती. "नुसती येऊन बस. बाळाला आण, म्हणजे झालं. एवढं तरी करशील ना माझ्यासाठी?"

थोरलीनं यायचं कबूल केलं. बाळ दिवस भरायच्या आधी, सातव्यातच आलं होतं आणि काचेच्या पेटीत पडून होतं, तेव्हा थोरलीला उठवत नव्हतं. नवरा परगावच्या कामावर. घरी काढलेलं दूध बर्फाच्या डब्यात घालून, दोन बस बदलून, वेळेवर दवाखान्यात पोचवलं ते धाकटीनं. रोज. पेटीला हात लावण्याआधी कोपरापर्यंत हात कसे धुवायचे, हे ती थोरलीच्या आधी शिकली होती. अशा बहिणीला नाही म्हणायला जीभ उचलत नाही.

डायमंडसर आले तेव्हा सगळे उभे राहिले. डायमंड ही त्यांची पायरी होती, पण लोक ती आडनावासारखी वापरत. सरांचा सूट त्यांच्याहून एक माप मोठा होता, बहुधा पुढच्या पायरीच्या हिशेबानं शिवलेला. त्यांनी नमस्कार केला, मग कानापाशी हात नेऊन ऐकू येत नसल्याचा आव आणला. लोक आणखी मोठ्यानं ओरडले. मोठी माणसं, पोराबाळांची, संसाराची माणसं. थोरलीनं बाळाच्या कानांवर हात ठेवले.

मग अनुभव सुरू झाले. इथे प्रत्येकाला एक अनुभव असावा लागत होता. एका बाईचे गुडघे अनुभवात बरे झाले. एक निवृत्त कारकून बायकोच्या आठवणीनं रडले, आणि सरांनी घड्याळाकडे पाहिल्यावर थांबले. प्रत्येकाच्या गोष्टीत आधी अंधार होता, मग कुणीतरी मित्र डबा घेऊन दार वाजवत होता. दार एकच, मित्र एकच. फक्त आजार ज्यानं त्यानं घरून आणला होता.

"आणि आता," सर म्हणाले, "आपली एक मावशी."

धाकटी स्टेजवर गेली. माइक तिनं दोन्ही हातांनी धरला, दुधाची बाटली धरायची तसाच. थोरलीला वाटलं, ही गडबडणार, शाळेत कविता म्हणताना गडबडायची तशी. धाकटी गडबडली नाही.

तिनं पेटी सांगितली. पेटीतल्या नळ्या सांगितल्या, बसमधली घामाघूम गर्दी सांगितली, बर्फ वितळतो की काय ही धडधड सांगितली. सगळं खरं होतं. आपण हिला एकदाही नीट थँक्यू म्हटलं नाही, असं थोरलीच्या मनात येऊन गेलं.

"एक दिवस मी ताईला म्हटलं, याला नाव ठेवू या," धाकटी म्हणाली. "ताई म्हणाली, नको. नाव ठेवलं आणि ते गेलं, तर मी हाक कुणाला मारू?"

आणि ती थांबली.

ते वाक्य थोरली दवाखान्याच्या जिन्यात बोलली होती, धाकटीच्या खांद्यात तोंड खुपसून. नवऱ्यालाही ते माहीत नव्हतं. आता ते स्पीकरमधून सगळ्या खुर्च्यांवर पसरलं. पुढची एक बाई डोळे पुसू लागली. धाकटी अजून थांबलेली होती, आणि थोरलीच्या ध्यानात आलं, ही गहिवरून थांबलेली नाही. हिला इथे थांबायला शिकवलंय. किती वेळ थांबायचं तेही शिकवलंय.

"त्याच आठवड्यात," धाकटीनं श्वास घेतला, "माझ्या हातात हा डबा आला."

तेव्हा हा डबा तिनं पाहिलासुद्धा नव्हता.

टाळ्या पडल्या. डायमंडसर स्टेजवरून उतरून थेट थोरलीच्या खुर्चीपाशी आले आणि स्टेजवरच्या दिव्याचा झोतही त्यांच्यामागे आला. त्यांनी बाळाला उचलायला हात पुढे केले. थोरलीनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. सर हसले, हात रिकामे राहिले तर त्यांचं काय करायचं, हेही त्यांना येत होतं. त्यांनी ते जोडले.

"ताई, भाषण नको. मी विचारतो, तुम्ही फक्त खरं सांगा. बाळ जन्मलं तेव्हा केवढं होतं?"

"लहान होतं."

"लाजू नका. केवढं?"

"मनगटापासून कोपरापर्यंत मावेल, एवढं."

हॉलमध्ये हळहळ उठली.

"आणि आज?"

दिव्याकडे बघून बाळ हसत होतं. गालाला खळी पडत होती. याला 'बरं नाही' कसं म्हणायचं?

"आज छान आहे."

टाळ्या.

"त्या दिवसांत तुमच्या बहिणीनं साथ दिली?"

"दिली."

"ती नसती तर?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर तिला केव्हापासून ठाऊक होतं. तिनं स्टेजकडे पाहिलं. धाकटी माइक छातीशी धरून उभी होती.

"ती नसती तर बाळ नसतं," थोरली म्हणाली.

अख्खा हॉल उठून उभा राहिला.

"प्रॉडक्टबद्दल मी एक अक्षर बोललो नाही!" सर ओरडले. "आई बोलली!"

"अहो, पण—" थोरली म्हणाली, आणि गाणं लागलं.

सगळी उत्तरं खरी होती. ती खाली बसली तेव्हा तिला दुकानात शिरून नको ती वस्तू गळ्यात मारून घेतल्यासारखं वाटत होतं. फरक इतकाच, की गळ्यात मारायचा माल तिनं स्वतः घरून आणला होता.

फॉर्मच्या टेबलापाशी रेटारेटी सुरू झाली. भाव फक्त आजचा, असं एकजण दर मिनिटाला ओरडत होता. थोरली पिशवी गोळा करून धाकटीला शोधत तिथे पोचली. धाकटीसमोर एक जोडपं उभं होतं. नवऱ्यानं फॉर्म ओढून पेन हातात घेतलं होतं. बायको अगदी कोवळी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, छातीशी शालीचं गाठोडं. थोरलीला पाहताच ती पुढे सरकली.

"ताई, डब्यातले किती चमचे द्यायचे हो? आमचंही सातव्यातलंच आहे."

थोरली काही बोलायच्या आत धाकटीनं शालीची कड बाजूला केली. आत मुठीएवढा चेहरा होता. पापण्यांची कातडी अजून पारदर्शक.

धाकटीनं हात झटकन मागे घेतला.

"पेटीतून कधी काढलं?"

"परवाच."

"परवा? आणि आज या गर्दीत आणलंत?" तिचा आवाज एकदम बदलला. सर्दी घेऊन बाळाला बघायला आलेल्या काकांना पेट्यांच्या खोलीच्या दारातून माघारी पाठवणारा तो आवाज होता. "इथे किती जण खोकताहेत बघा. याला वरचं काही म्हणजे काही द्यायचं नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. नुसतं तुमचं दूध. कळलं?"

थोरलीला इतकं बरं वाटलं, की तिनं बहिणीची पाठ थोपटायला हात उचलला.

डायमंडसर टेबलाच्या पलीकडे उभे होते. त्यांनी फॉर्म दोन बोटांनी नवऱ्याकडे जरा सरकवला आणि धाकटीकडे बघून हसले.

धाकटीनं ओठांवरून जीभ फिरवली.

"म्हणजे... बाळाला नाही द्यायचा," ती हळू म्हणाली, आणि मग भराभर बोलू लागली. "तुम्ही घ्यायचा. आईनं घेतला की दुधातून उतरतो. ताईनंही तसाच घेतला होता."

पोरगी थोरलीकडे वळली.

"हो का हो ताई?"

धाकटी टेबलाची कड धरून उभी होती. तिच्या डोळ्यांखालीही काळी वर्तुळं होती, हे थोरलीला आत्ता दिसलं. आज सकाळपासून त्या डोळ्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. आता बघत होते. बर्फाचा डबा हातात घेऊन दारात उभी राहायची आणि नर्स काय म्हणते त्याची वाट बघायची, तेव्हा ती असंच बघायची.

"नाही," थोरली म्हणाली.

नवऱ्याचं पेन थांबलं.

"मी घेतला नाही, बाळाला दिला नाही. तो डबा तेव्हा आमच्या घरात नव्हताच. दूध माझं होतं आणि ते हिनं पोचवलं. दुसरं काही झालं नव्हतं. तुम्ही याला आधी घरी न्या."

पोरीनं शाल नीट ओढून घेतली. नवरा एकदा बायकोकडे, एकदा सरांकडे बघत राहिला. मग बायकोनंच त्याच्या हातातून पेन काढून टेबलावर ठेवलं आणि ती गर्दीतून वाट काढत निघाली. तो मागोमाग गेला.

"ताई," धाकटी पुटपुटली. "तिसरी होती गं ती."

"माहीत आहे मला. चल घरी."

"तुला नाही कळायचं."

"बरं, नाही कळत. पण चल."

धाकटी हलली नाही. तेवढ्यात सरांनी माइक उचलला. त्यांचा चेहरा मुळीच पडलेला नव्हता. उलट, हवी ती वस्तू अनायासे हाती लागल्यासारखा खुलला होता.

"मित्रांनो, आत्ता मागे काय झालं, पाहिलंत? मी नेहमी काय सांगतो? आपल्या स्वप्नाला पहिला दगड कोण मारतं?"

"घरचे!" हॉल एका सुरात म्हणाला. उत्तर सगळ्यांचं पाठ होतं.

"आणि आपण रागावतो का त्यांच्यावर?"

"नाही!"

"आपण काय करतो?"

मघाशी डोळे पुसणारी बाई मागे वळून थोरलीकडे बघत टाळ्या वाजवू लागली. मग तिच्या शेजारचा. मग कारकून. रांगेमागून रांग, हसतमुखानं. थोरली दाराकडे चालू लागली. कुणी अडवलं नाही. उलट वाट करून दिली. बाळ तिच्या खांद्यावरून मागे बघत होतं.

दाराशी पोचल्यावर तिनं वळून पाहिलं.

टेबलापाशी धाकटीनं हात उचलले होते. सर तिच्याकडेच बघत होते. तिनं बोटांवर बोटं आपटली, आवाज होणार नाही इतपत. एकदा. मग पुन्हा.

एवढ्या माणसांत बाळाला मावशी बरोबर सापडली. ती काय करते आहे ते त्यानं पाहिलं, चीत्कार केला आणि थोरलीच्या खांद्यावर उड्या घेत आपले दोन्ही पंजे एकमेकांवर मारायला लागलं. कधी ते जुळत होते, कधी हुकत होते.

धाकटीचे हात मधेच थांबले.

बाळ थांबलं नाही. त्याला वाटलं, आता त्याची पाळी.