पेन्सिलीचे वळसे

टिक, टिक, टिक. घासून घासून सुईसारखी केलेली पेन्सिल निगेटिव्हवर टेकताना एवढाच आवाज होई, आणि स्टुडिओच्या मागच्या खोलीत तो अण्णांखेरीज कुणाच्या कानावरही पडत नसे. गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवरचे डाग, खड्डे, पुटकुळ्या ते अशा इवल्या इवल्या वळशांनी बुजवत. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की फोटोत तेवढी जागा नितळ होऊन येई. तरुणपणी, लग्न ठरल्यावर, होणाऱ्या बायकोची निगेटिव्ह हाती आली तेव्हा तिच्या गालावरचा तीळही त्यांनी मोठ्या हौसेने, तिला न विचारता, बुजवून टाकला होता. फोटो पाहून ती उठली आणि आत गेली. पुढे जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर बसली नाही.

ती गेल्याला आता दोन वर्षं होत आली होती. भिंतीवर तो एकच फोटो. एका सकाळी दाढी करता करता अण्णांचा हात थबकला. तीळ डाव्या गालावर होता की उजव्या, तेच आठवेना. ज्या चेहऱ्यासमोर बसून आयुष्यभर चहा प्यायला, त्या चेहऱ्याशी ही बेइमानीच, असं त्यांना वाटलं. शरमत शरमत मुलीला विचारलं, तर ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "आईला कुठे होता तीळ? काहीतरीच तुमचं, अण्णा."

मग मात्र त्यांनी ध्यासच घेतला. निगेटिव्ह जपून ठेवलेली होती. पण ती इतकी जुनी, की पेन्सिल पुसायला जावं तर पापुद्र्यासकट चेहराच निघून यायचा. त्यापेक्षा चांगल्या कॅमेऱ्याने ती जवळून टिपावी, संगणकावर मोठी करावी आणि आपले वळसे तिथेच पुसावेत. तीळ आपसूक वर येईल. या विचाराने अण्णांना असा काही हुरूप आला, की कॅमेऱ्यांचं दुकान उघडायच्या आधीच ते मुलीला घेऊन दाराशी उभे.

दुकानदार पन्नाशीचा, बोलघेवडा माणूस. त्याने कॅमेरे मांडले तसे अण्णांचे डोळे लकाकले. हा हातात घे, तो डोळ्याला लाव, खटका दाबून त्याचा आवाज ऐक!

"काका, एखादा फोटो काढून तर बघा."

अण्णांनी मुलीलाच खिडकीपाशी बसवलं. फोटो मोठ्या पडद्यावर आला. झकास होता, फक्त तिच्या डाव्या डोळ्याखाली धुरकट, राखाडी ठिपका दिसत होता.

"लेन्सवर धूळ असेल," म्हणत दुकानदाराने लेन्स पुसली. ठिपका तसाच. मग त्याने अगदी जवळचं टिपणारी, महागातली लेन्स चढवली. यावेळी ठिपका गेला तर नाहीच, उलट उलगडला. केसाहून बारीक वळसे, एकात एक गुंतलेले.

अण्णांनी चष्मा पुसून मुलीच्या गालाकडे पाहिलं. गाल स्वच्छ होता.

"हीच लेन्स द्या," ते म्हणाले. केस न् केस मोजता येत होता! आनंदाने त्यांचा आवाज चिरकला.

"अहो अण्णा, साडीसुद्धा कुणी इतक्या झटपट पसंत करत नाही," मुलगी हसली आणि लगबगीने खुर्चीवरून उठली.

फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरची पाळी आली. दुकानदाराने पहिलं दाखवलं. "एक टिचकी, आणि चेहरा साफ. डाग, सुरकुत्या, काही म्हणता काही उरत नाही."

"मला घालवायचं नाही हो. घालवलेलं परत आणायचंय."

"काका, सगळे घालवायलाच येतात," दुकानदार म्हणाला. पण त्याने दुसरं काढलं, सावकाश, हाताने, थरामागून थर उचलायचं. अण्णांनी ते घेतलं. हे म्हणजे आपलंच जुनं काम, फक्त उलटं.

दुपारी खोलीचे पडदे ओढून, निगेटिव्हमागे दिवा ठेवून त्यांनी फोटो घेतला. मुलीने सॉफ्टवेअर बसवून दिलं, निगेटिव्हचं काळं-पांढरं सुलटं करून दिलं आणि ती भांड्यांकडे गेली. अण्णा चेहऱ्यावरून बोटाएवढं बोटाएवढं पुढे सरकत राहिले. कपाळ. उजवा गाल. नाक. आणि मग डाव्या डोळ्याखाली त्यांचे वळसे, त्यांच्याच हातचे, काल काढावेत तसे! एकेक वळसा ते पुसत गेले. हात पूर्वीसारखाच स्थिर होता. शेवटचा वळसा गेला आणि काळाभोर, गोल तीळ वर आला.

"डावा! अगं, डावाच होता! ये, बघ तुझी आई!"

मुलगी ओले हात पुसत आली आणि संगणकाच्या पडद्याशी वाकली. पडद्याचा उजेड तिच्या गालावर तिरका पडला. डाव्या डोळ्याखाली राखाडी, चकचकीत वळसे दिसत होते, एकात एक गुंतलेले. आपलं अक्षर माणसाला ओळखावं लागत नाही.

"हलू नकोस," अण्णा हळूच म्हणाले, आणि लहानपणी तिचं तोंड पुसत तसा त्यांनी अंगठा फिरवला.

अंगठ्याला शिसं लागलं, आणि वळशांखालून तसाच काळाभोर, गोल तीळ वर आला.

तिने त्या अंगठ्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या आईकडे. तळहाताने आपला गाल झाकला, आणि ती आत निघून गेली.