सोमवारचं मौन

पोलक्याचा हूक वाकडा होता म्हणून बसत नव्हता — वरून दुसरा, नेहमीचाच — आणि सखूबाई पाठ वळवून मुकाट उभी, उजवा हात लोंबत, तिच्या ओल्या केसांचं पाणी गोपिकेच्या मनगटावर ठिबकत... आंघोळ, पातळ, सगळं नेसवून झालं होतं, राहिला होता एवढा हूक. बोलता आलं असतं तर गोपिका म्हणाली असती, जरा सरळ उभी राह्य वं. पण सोमवार. सोमवारी तोंड उघडायचं ते दिवेलागणीला, महादेवापुढे निरांजन लावल्यावरच. हे गेले त्या सोमवारीही हा नेम मोडला नव्हता.

आणि तपासणीला येणाऱ्या पाहुण्यांना सोमवारच सापडला.

सापडला नाही. शोधला, चंदनने. या वृद्धनिवासाचा व्यवस्थापक, मावशी मावशी करत पाया पडणारा. गरीब म्हाताऱ्यांना कमी भाड्यात खोली, जेवण, आणि हातपाय थकलेल्यांना आंघोळ घालायला बाई — फाटकावर तसं रंगवलंय. ती बाई होळीपासून बंद झाली, आणि मागोमाग नियम आला, की स्वतःचं स्वतः करेल तोच इथे राहील. गोपिकेने विचारलं होतं, मग सखूबाईने काय करायचं? तर हसून म्हणाला, तुम्ही आहात ना. आहे मी. माझे गुडघे आहेत, ओली फरशी आहे, मागावर बसून बसून खांद्यात रुंद झालेलं सखूबाईचं अंग आहे, लकव्याने एका बाजूला कलणारं — परवा दोघीही पडलो असतो, आणि मग कोण कुणाला उचलणार होतं...

इथे पैसा देणाऱ्या संस्थेच्या बाई खोलीत आल्या, पलंगाच्या कडेला टेकल्या. चांगल्या होत्या, हेच वाईट. आंघोळीला मदत मिळते का, त्यांनी सखूबाईकडे नीट बघून विचारलं.

सांग. सांग ना वं, एकदा. चंदन दारात उभा. सखूबाईचे डोळे त्याच्याकडे गेले, आणि त्यामागून तिचं सगळं मनच गेलं — बुटीबोरीला, गिरणीतल्या मुलाच्या एका खोलीपर्यंत, ज्याने तुले कुठं झोपवू म्हणून तिला ऑटोतून उतरूच दिलं नव्हतं.

"माह्यं सारं मीच करून घेतो जी," सखूबाई म्हणाली. डावा हात वर करून दाखवला.

बाई गोपिकेकडे वळल्या. तिने तोंड उघडायच्या आत — उघडणार होती का ती? — चंदन म्हणाला, "मावशींचं सोमवारी मौन असते, मॅडम. इथलं वातावरणच तसं आहे."

"किती शांत चेहरा आहे," बाई म्हणाल्या, आणि चक्क हात जोडले.

शांत. जिभेखाली निखारा धरून बसलेल्या बाईला शांत म्हणतात. माझा नेम याने खिशात घालून नेला, देवळातली समई चोरावी तसा, आणि वर पाया पडतो... तिने मान हलवली, नाही नाही अशी. बाईंना तो विनय वाटला. त्या पुढच्या खोलीत गेल्या.

दुपारभर ती जप करत राहिली, आणि दर मण्याला चंदनचं तोंड समोर. सखूबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ऊन उतरल्यावर तशीच बोलली.

"रागावली काय वं? मले तर भेव होतं. तुले काहून?" मग म्हणाली, "तुह्या महादेवानं घडीभर बोलाले सुटी देल्ली नसती काय?"

ही थट्टा होती. सखूबाई अशीच बोलायची, देवाधर्माचं. गोपिकेने वात सारखी केली, काडी दोनदा विझली. मग दिवा लागला आणि तोंड मोकळं झालं.

"बोल ना आता," सखूबाई म्हणाली.

बोलायचं होतं. शब्द सकाळपासून तयार होते. पण आता ते चंदनसाठी राहिले नव्हते, त्या बाईंसाठीही नव्हते. ते पिंडीकडे वळले होते, इतक्या वर्षांच्या सोमवारांसकट — काय केलंस रे, माझं सगळं ऐकून घेऊन? — आणि ओठ उघडले तर ते थांबणार नाहीत असं वाटून ती निरांजनाकडे बघत बसून राहिली, दात घट्ट आवळून, पहिल्यांदाच स्वतःच्या मर्जीने गप्प.