चंद्रावतीचे दोन पाटे

डहाणूच्या मासळीबाजारात चंद्रावतीच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. गिऱ्हाईकानं पापलेट उलटंसुलटं केलं की ही म्हणायची, "घ्यायचंय का लग्न लावायचंय त्याच्याशी?" पण एकसष्ट सालच्या चैत्रात ही बाई अगदी गप्प झाली. तिचा नवरा नारू जेवत नव्हता, दुसरं कारण काय असणार?

झालं असं की होडीत शिडाची काठी फिरली ती थेट नारूच्या जबड्यावर बसली. हाड मोडलं, चार दात गेले. डॉक्टरांनी सहा आठवडे जबडा बांधून ठेवला. पट्टी सोडली तेव्हा म्हणाले, "हाड जुळलंय, पण चावणं अजून महिनाभर बंद. नुसत्या पेजेवर माणूस उभा राहायचा नाही. मासे, खोबरं, भात सगळं गंधासारखं वाटून घाला. एक कण राहता कामा नये."

आणि नारू तर पेजेला असा विटलेला की वाटी दिसली की भिंतीकडे तोंड फिरवायचा. वल्ह्यावर बसला की दोघांना भारी पडणारा गडी, आता उठताना खांबाला धरायचा.

घरचा पाटा तिच्या आजेसासूच्या वेळचा. टाकी लावून लावून मध्ये पार खोलगट झालेला, त्याच्यावर वाटण व्हायचंच नाही. शेजारचा गणू म्हणाला, "वहिनी, स्टेशनाजवळच्या दुकानात यंत्र आलंय. वरून घाला, दांडा फिरवा, खालून बारीक! पाट्याची कटकटच नको." चंद्रावती तेही बघून आली. दुकानदारानं यंत्र टेबलाला आवळलं, खोबरं घातलं, दांडा फिरवला. खालून शेवया निघाल्या. तिनं चिमूटभर जिभेवर घेतलं. कण होतेच, वर लोखंडाची चव. "ठेव बाबा तुझं यंत्र तुला," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसून कासा गावचा बाजार गाठला.

तिथं झाडाखाली झरी गावची भिकी पाटे मांडून बसली होती. काळ्या नावाचा तिचा नवरा पाटे घडवायचा, ही विकायची. अंगानं काटकुळी, बोलायला हळू. चंद्रावती उकिडवी बसली आणि लागली पाटे निवडायला. आता ती निवडणार कशी? जन्मभर जशी मासळी निवडली तशीच! मासळी चकाकली की ताजी, निस्तेज दिसली की शिळी. तिनं एकेका पाट्यावर हात फिरवला आणि एका काळ्याभोर, गुळगुळीत, उन्हात चकाकणाऱ्या पाट्यावर थांबली.

"हा नको घेऊ बाय," भिकी म्हणाली. "जाड्याभरड्या चटणीला ठीक. बारीक वाटायचं असंल तर हा बघ." तिनं एक खरबरीत, राखी रंगाचा पाटा पुढे सरकवला.

झालं, तिथंच बिनसलं! मासळीबाजारात विकणारी जे हातानं पुढे करते ते कालचं असतं, हे चंद्रावतीला कुणी शिकवायला नको होतं. ती स्वतः तेच करत आली होती. "डहाणूच्या मासळीबाजारातल्या बाईला शिकवतेस होय?" ती उसळली. "माझ्या नवऱ्याचा जबडा मोडलाय. त्याला गंधासारखं वाटून घालायचंय. हा तुझा खरबरीत दगड काय वाटणार, डोंबल?"

"त्याच्यासाठीच सांगते गं," भिकी म्हणाली. पण ऐकतंय कोण! चकाकता पाटा चुंबळीवर चढला, एसटीच्या टपावर गेला आणि संध्याकाळच्या आत डहाणूला पोचला.

चंद्रावतीनं पदर खोचला, खोबरं वाटायला घेतलं. वरवंटा पुढं गेला की खोबरंही पुढं, मागं आला की मागं. दगडाला धरच नाही. तासभर वाटून कमरेचा काटा ढिला झाला, पण बोटाला रवा लागायचा तो लागतच होता. तरी तिनं मासा त्यात कालवून नारूपुढं ठेवला. त्यानं बिचाऱ्यानं एक घास घेतला, कण दाढेखाली आला, आणि तो जबडा धरून कळवळला. वाटी लोटून दिली. "नको मला आता काही," म्हणाला. "राहू दे." तो पाठ करून निजला तेव्हा चंद्रावती चुलीपाशी बसून रडली. चूक नवऱ्याला सांगायचीही लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी भर दुपारी दारात कोण? भिकी! डोक्यावर तो राखी पाटा, मागं वरवंटा घेऊन काळ्या. झरीहून पहाटे निघालेली, अर्धी वाट पायी, अर्धी कुणाच्या बैलगाडीतून. मासळीबाजारात "जबडा मोडलेल्याचं घर कुठलं" असं विचारत विचारत आलेली.

"झोप नाही लागली बाय," भिकी दम घेत म्हणाली. "आजारी माणसासाठी चुकीचा दगड गेला माझ्याकडनं. तो दे, हा घे."

चंद्रावतीनं धावत जाऊन पाणी आणलं, गूळ आणला, दोघांना सावलीत बसवलं. पण भिकीला बसायचं कुठं होतं! नव्या पाट्याची कच पोटात जायला नको म्हणून तिनं आधी त्यावर मीठ आणि कोंडा वाटला, पाटा धुतला. पुन्हा वाटला, पुन्हा धुतला. तिसऱ्यांदा भिजवलेले तांदूळ वाटले आणि ते पीठ स्वतःच्या दाढेखाली धरून डोळे मिटून चावलं. "अजून आहे कच," म्हणाली, आणि परत धुवायला लागली. चौथ्या वेळी मान हलवली. "आता वाट."

चंद्रावतीनं खोबरं घातलं. दगडानं ते असं पकडलं की दहा-बारा फेऱ्यांत लोणी! त्यात तिनं उकडलेल्या पापलेटाचा काटा न् काटा काढून मांस वाटलं, भिजवलेले तांदूळ वाटले, किंचित हळद आणि मीठ घालून केळीच्या पानात गुंडाळलं आणि निखाऱ्यावर दोन पानगे भाजले. एक नारूला, एक पाहुण्यांना. पान उघडल्याबरोबर घरभर वास सुटला, आणि भिंतीकडं तोंड केलेला नारू आपोआप इकडं वळला.

पहिला घास त्यानं भीत भीत तोंडात घेतला. सगळे त्याच्या जबड्याकडं बघत होते. घास विरघळून गेला. त्यानं दुसरा घेतला, तिसरा घेतला. पान निपटून काढलं, आणि कुणाला कळायच्या आत हात लांब करून दुसरा पानगाही ओढला.

"अहो, अहो!" चंद्रावती ओरडली. "तो त्यांचा आहे! पहाटेपासून उपाशी आहेत ती दोघं!"

नारू घास तोंडात घेऊन ओशाळून थांबला. भिकीनं पान त्याच्याकडं आणखी सरकवलं.

"खाऊ दे गं त्याला," ती म्हणाली. "मग आम्ही कशाला आलो एवढ्या लांबून?"

चंद्रावतीनं भिकीचे पिठानं माखलेले दोन्ही हात धरले, कपाळाला लावले आणि ढसढसा रडली. नारू खात होता.