दीपगृहातली ऊब

येवलाम्पीबाबाच्या झोपडीपाशी गाव लोटलं होतं. समुद्र काठाशी गोठलेला, वारा गाल फोडणारा. आणि झोपडीत एक ढलपी न जाळता लोकांना घाम फुटत होता! मधोमध लोखंडी भांड्यात मुठीएवढा काळा गोळा. त्यावर बर्फ टाकलं की चर्रकन वाफ!

"संताचं काळीज आहे हे!" हातमोज्यातले हात उंचावून बाबा सांगत होता. "सरपण नको, तेल नको. मासळी दाराशी ठेवा, दुखणं इकडे आणा."

"बाबा, कालपासून उलट्या होतायत," एक बाई म्हणाली.

"पाप बाहेर पडतंय, माय. पडू दे."

उस्तिन्यानंच थोरल्या बहिणीला इथं आणलं होतं. जाळी ओढून ओढून फेव्रोन्याची बोटं आखडली होती. "चल गं ताई, बरं वाटेल," म्हणत ती रोज तिला गोळ्यापाशी बसवी आणि स्वतः दारात उभी राहून प्रार्थना म्हणे. दहा दिवसांत ताईच्या हातांवर फोड आले, मग कातडीच सुटू लागली.

उस्तिन्याचा एक नेम होता. सांजेला देवाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची, खिडकीतून किनाऱ्याच्या टोकावरच्या दीपगृहाकडे बघायचं आणि वहीत लिहायचं, 'दिवा लागला.' नवरा साव्वाती तिथला राखणदार. पुढे सरकारी माणसांनी एक पेटी बसवली, "आता हीच दिवा पेटवेल," म्हणून त्याला घरी पाठवलं. तो वारल्यावर त्याची वही तिनं चालू ठेवली. जुनं सरकार कोसळल्यापासून जहाजं येईनात. दिव्याकडे बघणारी गावात ती एकटीच उरली होती.

त्या सांजेला ताईच्या हातांना मलम लावून तिनं वही उघडली. मागची पानं चाळता चाळता बोट थांबलं. नऊ नोव्हेंबर, 'दिवा लागला नाही.' दहा, 'नाही.' आणि बाबा गोळा घेऊन आला तो अकराला! साव्वाती म्हणायचा ते आठवलं, 'त्या पेटीवर बर्फ टिकत नाही बघ. जवळ जाऊ नकोस.'

वही घेऊन ती दवाखान्यात धावली, साव्वातीचं बोलणंही सांगितलं. डॉक्टर निना आर्काद्येव्ना वाचता वाचता पांढरी पडली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईनं सगळ्यांना झोपडीपासून लांब, टेकडीमागे बोलावलं. हातात एक्स-रेची फिल्म होती, सगळी काळी. फक्त मधे चमच्याचा पांढरा आकार.

"काळ्या कागदात बंद करून, वर चमचा ठेवून, काल ही झोपडीच्या भिंतीला बाहेरून लावली होती. आतला गोळा भिंतीपलीकडून हिला जाळून गेला."

"चमचा पावन झाला!" बाबा ओरडला.

"मग उद्या कुऱ्हाड ठेवू," एक म्हातारा कोळी म्हणाला. "तीही पावन होईल?"

डॉक्टरबाईचा आवाज चढला नाही. "हा गोळा दीपगृहाच्या पेटीतला आहे. यातून न दिसणारे किरण निघतात, लाकडातून, हाडामांसातून आरपार जातात. पेटीचं जाड कवच त्यांना अडवत होतं. मी दुर्बिणीतून पाहिलं. पेटी फोडलेली आहे, कवच गायब. भंगारात विकलंस ना, येवलाम्पी? हातमोजे काढ."

त्यानं हळूहळू मोजे काढले. बोटं काळी पडली होती.

"मला वाटलं," तो पुटपुटला, "नुसती ऊबच आहे."

शहरातून माणसं आली, गोळा शिशाच्या पेटाऱ्यातून घेऊन गेली. येवलाम्पी नाताळापर्यंतही टिकला नाही. फेव्रोन्या वसंतात गेली.

"देवावर रुसू नकोस गं," शेवटी ती म्हणाली होती.

"देवावर कशाला, ताई? त्यानं डोळे दिले होते. मीच मिटून घेतले."

उस्तिन्या अजून मेणबत्ती लावते, काळोख्या टोकाकडे बघते, 'दिवा नाही' असं लिहिते. देवापुढे हात जोडावेत, जरूर जोडावेत. पण कुणी ऊब वाटायला बसला, तर हात पुढे करण्याआधी एवढंच विचारावं, ही येते कुठून? उस्तिन्याच्या वहीत उत्तर तिच्याच अक्षरात होतं. तिनं ते दहा दिवस उशिरा वाचलं.