रापणीतला वाटा

दत्तप्रसाद मालवणी खाज्याचा पुडा घेऊन आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात आला, तेव्हा मी किती खूश झाले होते. मूर्खच मी! तो आमच्याच तारकर्लीचा, माझ्या भावाबरोबर, मंगेशबरोबर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढत वाढलेला. आता बंगळुरात मेंदूच्या आजारांवर संशोधन करतो. आमच्या घराण्यात भर तारुण्यात माणसांचा तोल जातो, मग पाय जातात. बाबांचे गेले, काकांचे गेले. म्हणून काही वर्षांपूर्वी त्यानं आम्हा सगळ्यांचं रक्त तपासायला नेलं. कुणी कांकू केलं की म्हणायचा, "ह्या रापणीसारख्याच आसा. जो दोरयेक हात लावतलो, तेका वाटो मेळतलो."

हे आम्हाला लगेच पटलं. किनाऱ्यावर वाटेनं जाणाऱ्यानं दोर ओढला, तरी त्याच्या पिशवीत मासळी पडते.

पुढे गोव्याहून एक डॉक्टरीण आली. दोडामार्गात अशीच कुटुंबं आहेत, तुमचंही रक्त द्या, जे सापडेल ते लगेच सगळ्यांसाठी खुलं करते, म्हणाली. मंगेशनं तिला चहा पाजला आणि हात जोडले. "बाई, आमचा जाळा आधीच पाण्यात आसा." एकाची रापण पाण्यात असताना दुसऱ्यानं तिथे जाळं टाकायचं नाही, हा आमचा रिवाज. ती बिचारी नंबर ठेवून गेली.

आणि आता दत्तू खुर्चीला खिळलेल्या मंगेशसमोर बसून सांगत होता, कारण सापडलं! तुमच्या अंगात एक जीवनसत्त्व टिकतच नाही. त्याची साधी गोळी कुठल्याही मेडिकलात मिळते. पाय धड असताना सुरू केली तर आजार येतच नाही. गेलेले पाय मात्र परत येत नाहीत. माझ्या लेकीच्या, रियाच्या रक्तातही तो दोष होता, पण आता तिला काही होणार नव्हतं.

मला रडूच फुटलं. मंगेश मात्र दत्तूकडे वळला.

"तुका ह्या कधी कळला रे?"

दत्तू एकदम शुद्ध मराठीत शिरला. "खात्री व्हायला वेळ लागतो, मंगेश."

"कधी?"

"गेल्याच्या गेल्या शिमग्याला."

त्या शिमग्याला मंगेशनं खांद्यावर पालखी नाचवली होती. दत्तू आमच्याकडेच उतरला होता, कोंबडी-वडे चापत होता, मंगेशचा नाच बघून शिट्ट्या मारत होता. सगळं ठाऊक असून!

"छापून येण्याआधी बोललो असतो, तर दुसऱ्यांनी शोध स्वतःच्या नावावर केला असता. आता सोमवारी तो छापून येतोय. तोवर घराबाहेर काही बोलू नका."

माझं डोकं फिरलं. "तुझा नाव ऱ्हवला आणि माझ्या भावाचे पाय गेले! वयर खाजा घेवन इलस?" पुडा मी अंगणात भिरकावला. परक्यानं केलं असतं तर सोसलं असतं. हा आमच्या ताटात जेवलेला.

मंगेश ओरडला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. त्यानं दत्तूला गोळीचं नाव मला नीट सांगायला लावलं. मग म्हणाला, "किशोरी, फोन घे."

"रापणीच्या ग्रुपार घालू?"

"ता मगे. आधी त्या गोंयच्या बाईक लाव. दोडामार्गातल्या पोरांचे पाय अजून चलतत."