कडेची पात

घोलवडची सून आणली तेव्हाच मला लोकांनी सांगितलं होतं, चिकूच्या पेट्या भरणाऱ्या तिकडच्या पोरींचे हात थांबत नाहीत. तिकडे ट्रक निघायचा असतो. आमच्या तलासरीच्या डोंगरातलं भात कुठल्या ट्रकची वाट बघत नाही, हे तिला कोण सांगणार?

लावणीला आमच्या पाड्यातल्या बायका मिळून एकेकीच्या शेतात उतरतात. ओणवं होऊन, मागे मागे सरकत, प्रत्येकीने आपापली पात, म्हणजे आपल्या वाट्याचा पट्टा, लावायची. कडेची पात माझी. कडेची जशी चालेल तशी रांग चालते. जिची पात अर्धी राहील तिने पुढच्या वर्षी बांधावर बसून रोपांच्या जुड्या फेकायच्या. गेल्या साली आमच्यातली बारकी बसली, तेव्हापासून धड बोलत नाही. मला बसायचं नव्हतं.

यंदा आमच्याच शेतात माझी सून चंद्रिका दुसऱ्या कडेला उभी राहिली आणि भराभर लावत सुटली. तिच्या नादाने सगळ्या पोरी सुटल्या. मी मान वळवून बघितलं तर साऱ्या पलीकडच्या बांधावर, चिखलात मी एकटी. गुडघे ठणकत होते, पण संताप त्याहून मोठा. कोणाकडे न बघता मी लावत राहिले.

थोड्या वेळाने माझ्या पाठीला पाठ धडकली. वळून बघते तर चंद्रिका. माझ्याच पातीच्या पल्याडच्या टोकापासून लावत, मागे मागे सरकत आलेली.

"कोणी बोलावलं गो तुला?"

"कोणी नाय, आई. आमच्याकडे आपली पेटी भरली का बाजूवालीच्या पेटीला हात लावायचा. एकीची राहिली तर गाडी सुटत नाय."

"इथं कुठली गाडी?"

"पात आहे ना," ती म्हणाली आणि पदराने नाकावरचा चिखल पुसू लागली.

बांधावरून आमच्या पाड्यातल्या जानीने मला विचारलं, "बायजी, पुढल्या साली कुठे बसतेस मग?"

"बसायला काय झालं?" मी कंबर सरळ केली. "माझी पात पुरी झाली. माझ्या घरातल्या हातांनी झाली. तुझ्या घरात आहेत का असे हात?"

हे बोलताना माझा ऊर भरून आला होता, आणि ते मी लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पाड्यातल्या देवजीच्या शेतात उतरलो. कडेची पात माझ्यासाठी मोकळी होती. तिच्या पल्याडच्या टोकाला जानीने रोपांची एक जुडी ठेवली होती.

"ती तुझ्या सुनेची जागा," ती म्हणाली.